सोन्यावर पॉलिमर ब्रश कसा वाढवायचा, आणि तो खरंच वाढलाय हे कसं ओळखायचं

आमच्या पहिल्या ‘यशस्वी’ ब्रशची जाडी ८० नॅनोमीटर भरली आणि लॅबमध्ये पेढे आले. दोन दिवसांनी त्याच भांड्यात चुकून पडून राहिलेला एक कोरा सोन्याचा तुकडा सहज मोजला. त्यावर इनिशिएटर (ज्यापासून पॉलिमरची साखळी उगवते तो रेणू) लावलेलाच नव्हता, म्हणजे काही उगवायचा प्रश्नच नव्हता. जाडी निघाली ५५. महिना मे, जळगाव. भांडं उघडल्यावर मेथनॉल भराभर उडालं होतं आणि द्रावणातलं मोकळं पॉलिमर दोन्ही तुकड्यांवर खळीसारखं वाळून बसलं होतं. पहिला तुकडा रात्रभर मेथनॉलमध्ये ठेवून पुन्हा मोजला तर ८० चे २८ झाले. आमच्या लॅब असिस्टंटनं नुसतं विचारलं, “काय व्हयनं सर? पेढा परत कराना का?”

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: ब्रश वाढवणं हे एका दुपारचं काम, वाढलेला थर ब्रशच आहे हे दाखवणं हे महिन्याचं. म्हणून या लेखात कृतीइतकीच जागा तपासणीला दिली आहे.

ब्रश म्हणजे काय

पाठ्यपुस्तकात बहुवारिक म्हणतात, लॅबमध्ये सगळे पॉलिमरच म्हणतात. त्याच्या लांब साखळ्या एका टोकाने पृष्ठभागाला बांधल्या आणि त्या पुरेशा दाट असल्या, की त्यांना आडवं पडायला जागाच उरत नाही. दाट पेरलेल्या ज्वारीची ताटं जशी वर सरकतात, तशा त्या सरळ उभ्या राहतात. विरळ असल्या तर प्रत्येक साखळी आपापल्या जागी गोळा होऊन बसते. त्याला ब्रश म्हणत नाहीत. दोन मुळांमधलं अंतर साखळीच्या मोकळ्या गोळ्याच्या आकारापेक्षा कमी हवं, ही अट. याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ अलेक्झांडर यांनी १९७७ मध्ये आणि द जेन यांनी १९८० मध्ये मांडलं. चांगल्या द्रावकात ब्रशची उंची साखळीच्या लांबीच्या सरळ प्रमाणात वाढते, पण दाटीच्या फक्त घनमुळाच्या प्रमाणात. म्हणजे दाटी आठपट केली तर उंची दुप्पट.

असा दाट थर पातळ पटलासारखा वागतो. लहान आयन आत सोडतो, मोठे रेणू अडवतो आणि योग्य पॉलिमर निवडलं तर तापमान किंवा पीएच बदलल्यावर दार उघडतो-मिटतो. धातूवर तो वाढवण्याचा फायदा असा की धातू विजेचा वाहक आहे, त्यामुळे पटलातून काय जातं आणि काय अडतं ते खालूनच विजेनं मोजता येतं.

वाढवण्याचे दोन रस्ते. तयार साखळ्या आणून चिकटवणं म्हणजे रोपं लावणं: आधी बसलेली रोपं पुढच्यांची वाट अडवतात आणि थर काही नॅनोमीटरवरच थांबतो. दुसरा म्हणजे बी पेरणं. पृष्ठभागावर इनिशिएटर बसवायचा आणि तिथूनच साखळी उगवू द्यायची. आपण दुसऱ्या रस्त्यानं जातोय.

उगवण्याची पद्धत एटीआरपी (ॲटम ट्रान्सफर रॅडिकल पॉलिमरायझेशन). १९९५ मध्ये पिट्सबर्गला रसायनशास्त्रज्ञ मातिशेव्स्की यांनी आणि जपानमध्ये सावामोतो यांनी ती स्वतंत्रपणे मांडली. साखळीच्या टोकाला ब्रोमिन असतो. एक-संयुजी तांबं तो क्षणभर काढून घेतं, तेवढ्यात टोकाला दोन-चार मोनोमर, म्हणजे साखळीच्या सुट्या कड्या, जोडले जातात, मग द्वि-संयुजी झालेलं तांबं ब्रोमिन परत देतं आणि साखळी झोपते. बहुतेक वेळ सगळ्या साखळ्या झोपलेल्या, म्हणून त्या एकमेकींना धडकून मरत नाहीत आणि जवळपास सारख्या लांबीच्या राहतात. आपण वापरणार ती आरगेट ही त्यातली पोटपद्धत. तिच्यात तांबं फार थोडं लागतं आणि ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे साधं व्हिटॅमिन सी, ते पुन्हा पुन्हा एक-संयुजी करत राहतं. थोडी हवा शिरली तरी ती सावरून घेते. ग्लव्हबॉक्स (हवा वगळून काम करायची बंद पेटी) नसलेल्या लॅबला हीच परवडते.

सोनं कुठलं

जळगावात राहून हा प्रश्न येणारच: सराफ बाजारातलं का नाही? दागिन्याचं २२ कॅरेट सोनं बाद, कारण त्यात आठ टक्क्यांच्या वर तांबं-चांदी असते. २४ कॅरेटचा पत्रा रासायनिकदृष्ट्या चालेल, पण लाटलेल्या पत्र्याचा खडबडीतपणा आपल्या थरापेक्षा कितीतरी जास्त असतो. ३० नॅनोमीटरचा थर त्यावर मोजणं म्हणजे नांगरलेल्या शेतात धुळीची जाडी मोजणं. हवं ते काचेवर किंवा सिलिकॉनवर निर्वातात चढवलेलं सोनं: खाली चिकटण्यासाठी सुमारे ५ नॅनोमीटर क्रोमियम, वर ५० ते १०० नॅनोमीटर सोनं. खर्चाची धास्ती नको. १०० नॅनोमीटरच्या थरात एका चौरस सेंटीमीटरला जेमतेम ०.१९ मिलिग्रॅम सोनं लागतं. एका ग्रॅममध्ये असे ५,००० तुकडे. पैसे लागतात ते निर्वात यंत्राच्या तासांचे.

एका खेपेत किमान २० तुकडे करून घ्या. वेगवेगळ्या खेपांचं सोनं वेगळं वागतं.

स्वच्छता

जुन्या कृतींमध्ये पिरान्हा द्रावण सांगितलेलं असतं: तीन भाग सल्फ्युरिक आम्ल, एक भाग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. मी विद्यार्थ्यांना ते करू देत नाही. ॲसिटोनचा थेंब त्यात गेला तरी स्फोट होऊ शकतो, बंद बाटलीत ठेवलं तर वायूच्या दाबानं बाटली फुटते. यूव्ही-ओझोनमध्ये १५ मिनिटं आणि लगेच इथेनॉलमध्ये २० मिनिटं, हे पुरतं. इथेनॉलची पायरी वगळायची नाही, कारण ओझोननं सोन्यावर आणलेला ऑक्साइड तेच उतरवतं.

पाण्याचं सांगतो. आपल्याकडच्या बोअरचं पाणी किती जड, हे कूलरच्या पॅडवरच्या पांढऱ्या क्षारांवरून सगळ्यांना माहीत आहे. एकदाच ऊर्ध्वपातित केलेल्या पाण्यावर भागवू नका. १८ मेगाओहमचं (अतिशुद्ध) पाणी मिळालं तर उत्तम, नाहीतर काचेच्या उपकरणातलं दोनदा ऊर्ध्वपातित, तेही त्याच दिवशीचं. शेवटच्या धुण्यानंतर तुकडा हवेत वाळू द्यायचा नाही, नायट्रोजनच्या झोतानं पाणी कडेला ढकलून काढायचं. थेंब जागेवर वाळला की डाग, आणि एलिप्सोमीटर (परावर्तित प्रकाशावरून थराची जाडी मोजणारं यंत्र) त्या डागाची जाडी इमानदारीत सांगतो.

स्वच्छ सोनं हवेत फार वेळ स्वच्छ राहत नाही. धुतल्यापासून इनिशिएटरमध्ये बुडवेपर्यंत मिनिटं मोजा, तास नव्हे.

इनिशिएटरचा थर

गंधक सोन्याला घट्ट धरतो. म्हणून ११ कार्बनची साखळी घ्यायची, एका टोकाला थायॉल (गंधकाचा गट), दुसऱ्या टोकाला ब्रोमोआयसोब्युटिरेट (ब्रोमिनचा गट, साखळी इथून उगवते). इथेनॉलमध्ये १ मिलिमोलर द्रावण, तुकडे त्यात १८ ते २४ तास, अंधारात, झाकण लावून. मग इथेनॉलनं भरपूर धुवायचं.

तयार इनिशिएटर महाग पडतो. स्वस्त रस्ता दोन पायऱ्यांचा आहे: आधी मर्कॅप्टोअनडिकॅनॉलचा थर, आणि मग त्याच्या मोकळ्या हायड्रॉक्सिल टोकांवर २-ब्रोमोआयसोब्युटिरिल ब्रोमाइड, सोबत ट्रायइथाइलअमीन, कोरड्या टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये. काही मिनिटं पुरतात. पण हे ब्रोमाइड पाण्याचा शत्रू आहे आणि डोळ्यांतून धारा काढतं, म्हणून फ्यूम हूडशिवाय बाटली उघडू नका. लॅबमध्ये कूलर चालू असेल तर ही पायरी करूच नका. कूलरची गार हवा म्हणजे ओली हवा. आमची मे महिन्यातली अर्धी अपयशं या एका ओळीत आहेत.

तयार तुकडे गार, अंधाऱ्या जागी, नायट्रोजनखाली ठेवा आणि आठवड्याच्या आत वापरा. उजेड आणि हवेतला ओझोन थायॉलचं बंधन हळूहळू खातात.

इथेच नियंत्रण-तुकडे, म्हणजे तुलनेसाठीचे तुकडे, तयार करायचे. एक, ज्यावर फक्त मर्कॅप्टोअनडिकॅनॉल आहे, ब्रोमिन नाही. तो ब्रशच्या तुकड्यासोबत त्याच भांड्यात जाईल. दुसरा, इनिशिएटर लावलेला पण भांड्यात न जाणारा. पूर्ण कोरं सोनं नियंत्रण म्हणून मला पटत नाही. त्यावर पॉलिमर चिकटण्याची तऱ्हाच वेगळी असते. आमचा तो ५५ नॅनोमीटरचा कोरा तुकडा धडा शिकवायला चांगला होता, पुरावा म्हणून नव्हे.

भांड्यात

सुरुवातीला हेमा घ्या, म्हणजे हायड्रॉक्सिइथाइल मेथाक्रिलेट हा मोनोमर. पाण्यात मिसळतो, खोलीच्या तापमानाला चालतो. बाटलीत तो टिकावा म्हणून निरोधक घातलेला असतो, तो बेसिक ॲल्युमिनाच्या छोट्या स्तंभातून गाळून काढा. निरोधक काढलेला हेमा त्याच दिवशी वापरा. आपल्या उन्हाळ्यात तो फडताळात ठेवला तर दुसऱ्या दिवशी जेली सापडते. हेमात थोडं डायमेथाक्रिलेट अशुद्धी म्हणून असतंच आणि ते साखळ्यांना एकमेकींत गुंतवतं, म्हणून स्वस्त दर्जाची बाटली घेऊ नका. मोजे नायट्रिलचे घालून वारंवार बदला. मेथाक्रिलेट मोज्यातून झिरपतं आणि एकदा त्वचेला ॲलर्जी बसली की ती जन्माची.

माझं सुरुवातीचं प्रमाण असं: हेमा १० मिलिलीटर, मेथनॉल ५, पाणी ५. त्यात क्युप्रिक ब्रोमाइड ९ मिलिग्रॅम आणि बायपिरिडीन २० मिलिग्रॅम. फ्लास्कला रबरी सेप्टम (सुई टोचता येईल असं बूच) लावून लांब सुईनं नायट्रोजन द्रावणाच्या तळाशी ३० मिनिटं बुडबुडू द्या, बाहेर पडायला दुसरी आखूड सुई. उन्हाळ्यात नायट्रोजन आधी मेथनॉलच्या बाटलीतून न्या, नाहीतर अर्ध्या तासात तुमचंच मेथनॉल उडून प्रमाण बदलतं. तुकडे दुसऱ्या बंद नळीत, तिथेही नायट्रोजन. मग ७० मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल थोड्या, नायट्रोजन दिलेल्या पाण्यात विरघळवून सुईनं फ्लास्कमध्ये टोचा.

आता रंग बघा. हिरवट-निळं द्रावण गडद तपकिरी होतं. हा रंग म्हणजे एक-संयुजी तांबं जिवंत आहे. तपकिरी झाल्यावर द्रावण सिरिंजनं तुकड्यांच्या नळीत न्या. मध्येच हिरवट छटा परत आली तर हवा शिरतेय: सेप्टम बघा, सुईची भोकं बघा. हा रंग मला कुठल्याही मापकापेक्षा भरवशाचा वाटतो.

तापमान २५ अंशांवर धरा. वहीत ‘खोलीचं तापमान’ असं लिहिणाऱ्याला मी परत पाठवतो, कारण आपल्याकडे ते जानेवारीत २० आणि मेमध्ये ४२ असू शकतं, आणि त्या दोन ब्रशांची तुलना होत नाही. पाण्याची मोठी परात, बर्फाचे खडे आणि थर्मामीटर, एवढ्यावर काम होतं. वीज गेली तरी परात चालूच राहते.

पहिल्या खेपेला चार तुकडे घालून १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांना एकेक काढा. जाडी वेळेबरोबर सरळ रेषेत वाढून पुढे मंदावली तर ठीक. पहिल्या १५ मिनिटांतच उडी मारून थांबली तर साखळ्या मरताहेत: तांबं कमी पडतंय किंवा आम्ल जास्त झालंय.

धुणं. तुकडा बाहेर काढल्याक्षणी मेथनॉलमध्ये, हवेत एक मिनिटही नाही. दोन वेळा ताजं मेथनॉल, मग रात्रभर मेथनॉलमध्ये हलतं ठेवा, मग पाणी, मग नायट्रोजन. अल्ट्रासोनिक बाथ अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको, कमकुवत सोनं सोलून निघतं. तांब्याचं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. वेगळ्या, चिठ्ठी लावलेल्या कॅनमध्ये साठवा.

आता सिद्ध करा

आधी ब्रोमिन नसलेला नियंत्रण-तुकडा मोजा. धुतल्यावर त्यावर एक-दोन नॅनोमीटरपेक्षा जास्त काही असेल तर थांबा आणि पुन्हा धुवा. तो साफ होत नाही तोवर ब्रशच्या तुकड्याची जाडी मोजण्यात अर्थ नाही. ज्यांचा हा तुकडा नेहमी साफ निघतो ते एकतर फार हुशार असतात किंवा तो भांड्यात घालतच नाहीत.

सगळ्यात स्वस्त चाचणी पाण्याच्या थेंबाची. मोबाइल, मागे पांढऱ्या कागदातून येणारा उजेड आणि संगणकावर थेंबाच्या कडेचा पृष्ठभागाशी होणारा कोन मोजायचं मोफत सॉफ्टवेअर. ३ ते ५ मायक्रोलीटरचा थेंब. इनिशिएटरच्या थरावर कोन साधारण ७५ ते ८० अंश येतो, हेमाच्या ब्रशवर तो ५०-६० च्या घरात उतरतो. थेंब ठेवल्यापासून १०-१५ सेकंदांत फोटो काढा. आपल्या कोरड्या उन्हाळी हवेत थेंब डोळ्यांदेखत आटतो, कड जागेवर राहते आणि कोन खोटाच कमी दिसतो. प्रत्येक तुकड्यावर पाच जागी मोजा. पाचही आकडे जवळ आले तर थर सलग आहे.

जाडीसाठी एलिप्सोमीटर. सोन्याचे प्रकाशीय आकडे पुस्तकातून घेऊ नका, त्याच तुकड्यावर इनिशिएटर लावण्याआधी मोजून ठेवा. थर १० नॅनोमीटरपेक्षा पातळ असेल तर जाडी आणि अपवर्तनांक एकत्र काढायच्या भानगडीत पडू नका. ते एकमेकांत मिसळतात आणि संगणक काहीही उत्तर देतो. अपवर्तनांक १.५ धरून फक्त जाडी काढा.

अवरक्त वर्णपट परावर्तित, निसटत्या कोनात घ्यावा लागतो, ८० अंशांच्या आसपास. १७३० प्रति सेंटीमीटरजवळ एस्टरचा ठळक सुळका आणि ३२०० ते ३६०० मध्ये हायड्रॉक्सिलची रुंद टेकडी दिसली की हेमा आहे. पण लक्षात ठेवा, धातूवर फक्त पृष्ठभागाला लंब असलेली कंपनं दिसतात. सुळक्याची उंची म्हणजे थेट प्रमाण नव्हे. शिवाय वर्णपट रसायन सांगतो. ते उगवलंय की चिकटलंय हे सांगत नाही.

आता दाटी. सूत्र साधं आहे: जाडी गुणिले घनता गुणिले ॲव्होगॅड्रो संख्या, भागिले साखळीचा रेणुभार. समजा जाडी ३० नॅनोमीटर, घनता घन सेंटीमीटरला १.२ ग्रॅम, रेणुभार ४०,०००. एका चौरस नॅनोमीटरला ०.५४ साखळ्या येतात. सोन्यावर थायॉल पूर्ण बसले तर एका चौरस नॅनोमीटरला सुमारे ४.६ बसतात. म्हणजे आठ-नऊ बियांतून एक उगवलं. हे अपयश नाही, एका साखळीची जाडीच तेवढी जागा खाते.

अडचण रेणुभाराची. एका चौरस सेंटीमीटरवर ३० नॅनोमीटरचा ब्रश म्हणजे फक्त ३.६ मायक्रोग्रॅम पॉलिमर, त्यातून रेणुभार मोजता येत नाही. म्हणून लोक द्रावणात मोकळा इनिशिएटर घालतात, त्यातून बनलेल्या पॉलिमरचा रेणुभार मोजतात आणि पृष्ठभागावर तोच आहे असं धरतात. हे गृहीतक आहे, मोजमाप नव्हे. अहवालात तसं लिहा. आणि मोकळा इनिशिएटर घातला की चिकटणारं पॉलिमरही वाढतं, म्हणजे धुणं आणखी कडक.

क्वार्ट्झ क्रिस्टल (वजन वाढलं की ज्याची कंपनं मंदावतात) असेल तर हाच हिशेब दुसऱ्या बाजूनं पडताळता येतो. ५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर १ हर्ट्झ घट म्हणजे चौरस सेंटीमीटरला १७.७ नॅनोग्रॅम. आपल्या ३० नॅनोमीटरला कोरड्या स्थितीत सुमारे २०० हर्ट्झची घट यायला हवी. आली तर दोन स्वतंत्र साक्षीदार एक बोलले. हा सॉअरब्राय यांचा १९५९ चा संबंध फक्त कडक, कोरड्या थराला लागू पडतो. ब्रश पाण्यात फुगला की क्रिस्टल साखळ्यांसोबत धरून ठेवलेलं पाणीही तोलतो.

एएफएमचं (बारीक सुईनं पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचं) चित्र देखणं येतं म्हणून सगळे आधी तेच काढतात. मी शेवटी काढतो. ओरखडा मारून पायरीची उंची मोजायची तर सोनं मऊ आहे, सुई ब्रशसोबत सोनंही खरवडते आणि जाडी फुगते. जोडीला सिलिकॉनवर सिलेनच्या (सिलिकॉनला धरणाऱ्या संयुगाच्या) इनिशिएटरनं तसाच ब्रश वाढवा आणि ओरखडा तिथे मारा. सिलिकॉनचा आणखी एक फायदा: थर १०० नॅनोमीटरकडे गेला की तुकडा डोळ्यांनाच जांभळट-निळा दिसतो.

पटल म्हणून तो कसा आहे, याचं उत्तर मात्र विजेकडे आहे. ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ५ मिलिमोलर फेरी- आणि फेरोसायनाइड घ्या. कोऱ्या सोन्यावर व्होल्टॅमोग्रामची (विद्युतदाब बदलत नेताना मिळणाऱ्या प्रवाहाच्या आलेखाची) दोन नीटस टेकाडं दिसतात. इनिशिएटरच्या थरानंच ती बरीच चेपली जातात, आणि इथे फसगत होते: ब्रशच्या तुकड्यावर प्रवाह थांबलेला पाहून लोक श्रेय ब्रशला देतात, थांबवणारा खालचा ११ कार्बनचा थर असतो. म्हणून तो दुसरा, भांड्यात न गेलेला नियंत्रण-तुकडा. त्याचा आणि ब्रशचा प्रतिबाध (प्रवाहाला होणारा अडथळा) शेजारी शेजारी काढा. दोघांतला फरक तेवढा ब्रशचा.

तांब्याचा पत्रा, स्टील आणि मे महिना

नायट्रोजनचं सिलिंडर संपलं असेल तर आणखी एक पद्धत आहे. तांब्याचा स्वच्छ पत्रा आणि इनिशिएटरचा तुकडा समोरासमोर, मध्ये अर्धा मिलिमीटर फट, फटीत मोनोमर आणि लिगंडचं (तांब्याला धरून ठेवणाऱ्या रेणूचं, जसं वरचं बायपिरिडीन) द्रावण. पत्र्यातून लागेल तेवढं तांबं सुटत राहतं आणि फटीतला ऑक्सिजनही तोच पत्रा खाऊन टाकतो. पत्रा आधी ॲसेटिक आम्लात बुडवून ऑक्साइड काढा. घरी तांब्याचा हंडा चिंचेनं घासतो तेच तत्त्व. चिंच मात्र वापरू नका, तिचा चोथा फटीत अडकतो. हे एका विद्यार्थ्यानं करून पाहिलं आहे.

स्टील, टायटॅनियम, ॲल्युमिनियम यांवर थायॉल चालत नाही. तिथे डोपामाइन: ट्रिस बफर, पीएच ८.५, डोपामाइन हायड्रोक्लोराइड २ मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर, तुकडा काही तास उघड्या भांड्यात. इथे हवा हवीच असते. तपकिरी थर बसला की त्यावर तोच २-ब्रोमोआयसोब्युटिरिल ब्रोमाइड. नियंत्रण-तुकडा म्हणजे नुसता डोपामाइनचा थर. त्याची जाडी विसरून ती ब्रशमध्ये धरू नका.

शेवटी एनआयपीएएमचा (एन-आयसोप्रोपाइल ॲक्रिलामाइड या मोनोमरचा) ब्रश, ज्याचं सगळ्यांना वेड असतं. त्याचं पॉलिमर पाण्यात ३२ अंशांच्या आसपास मिटतं, त्याखाली फुगतं. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘तापवा आणि बदल पाहा’. खानदेशात एप्रिल-मेमध्ये नळाचंच पाणी त्याच्या वर असतं. ब्रश जन्मापासून मिटलेला, तापवून काहीच बदलत नाही, आणि विद्यार्थी म्हणतो प्रयोग फसला. उलटं करा. बर्फाच्या पाण्यात १५ अंशांवर न्या, तिथून वर येत मोजा. त्याआधी मेथनॉलचा मागमूस धुऊन काढा, कारण पाणी आणि मेथनॉल एकेकटे या पॉलिमरला चांगले, मिसळले की मात्र ते ३२ च्या बरंच खालीच मिटतं.

आणि नमुने मुंबईला तपासायला पाठवणार असाल तर दिवसाच्या गाडीनं पाठवू नका. ४०० किलोमीटरच्या वरचा उन्हातला प्रवास, बॅगेतली ४५ अंशांची हवा आणि खिडकीचा उजेड थायॉल सहन करत नाही. रात्रीची गाडी, नायट्रोजन भरलेली गुंडाळलेली कुपी, थर्मासमध्ये बर्फाची पिशवी. कुपीत नियंत्रण-तुकडाही घाला. तिकडच्या ऑपरेटरनं विचारलं की हा कोरा कशाला, तर त्याला सांगा, आधी हाच मोजा.